आधी नवरी

आनंदाच्या बाबतीत आमच्या घरमालकांइतका कडक माणूस उभ्या नवापुरात झाला नसेल. लोक दुःखात शिस्त पाळतात, सुतक धरतात, कुठे जायचं नि कुठे नाही ते बघतात. काकांची सगळी शिस्त सुखासाठी राखून ठेवलेली. काका बेने इस्राएल, म्हणजे मूळ कोकणातले, घरात मराठीच बोलणारे यहुदी. तरुणपणी पोल्ट्रीच्या हॅचरीत नोकरी लागली म्हणून इकडे आले ते इथलेच झाले. त्यांच्या धर्माचं गावात एवढं एकच घर, त्यामुळे कुणी त्यांना ख्रिश्चन समजे, कुणी पारशी. शनिवारी ते कामाला हात लावत नसत, म्हणून शेवटी गल्लीने त्यांचं नाव शनवारकाका ठेवून टाकलं आणि विषय मिटवला. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत काका हॅचरीतून घरी. एकदा मॅनेजर कुरकुरला तर म्हणाले, "साहेब, पिल्लं अंड्यातून आपली आपण बाहेर येतात. मी काही ओढून काढत नाही."

मी त्यांची भाडेकरू. शाळेत मास्तरीण, घरात मी नि माझी लेक. आम्ही वरच्या दोन खोल्यांत राहायला आलो तेव्हा लेक बालवाडीत होती, आणि मी शाळेत गेले की ती खाली मावशींजवळ. मावशी म्हणजे काकांची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. कुणाचंही काही बरं झालं की त्या घरात मळीदा व्हायचा. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, काजू-बेदाणे, भोवती फळं, आणि एलियाहू नबीचं नाव घेऊन म्हटलेली प्रार्थना. काकांचं काम काय, तर "आज मळीदा" असं जाहीर करायचं आणि खुर्चीत बसायचं. खोबरं खवायचं मावशींनी. कुणाची चोरीला गेलेली सायकल सापडली, मळीदा. समोरच्या गिरणीवाल्याची म्हैस व्याली, मळीदा. तो सगळ्या गल्लीने खायचा. "एकट्याने खाल्लेलं नशीब अंगी लागत नाही," हे काकांचं ठरलेलं वाक्य.

पण दोन आनंद एका ताटात चालायचे नाहीत. लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला त्याच दिवशी माझी धडगावची बदली रद्द झाली. घाटातल्या जीपमधून वाचले म्हणून मी हवेत. काकांनी लेकीचं तोंड भरून कौतुक केलं आणि माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मला वाटलं, म्हातारा बिनसला कशावरून तरी. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, पेढे घेऊन जिना चढून आले. "अहो काका, कालच कळलं होतं ना तुम्हाला?" म्हटलं. तर म्हणाले, "काल पोरीचा दिवस होता बाई. तुमचा आज. आमच्यात एका आनंदात दुसरा कालवत नाहीत."

आणि नाच. नवरीसमोर नाचणं हे त्यांच्याकडे पुण्याचं काम. मग ती नवरी कुणाची का असेना. बाजारातून येताना वरात दिसली की काका हातातली भाजीची पिशवी डाव्या बाजूला धरत, मावशी न बघता ती घेत आणि कडेला उभ्या राहत. दोन पावलं पुढे, एक मागे, हात वर, मध्येच एक गिरकी. तालाशी काही संबंध नाही. वऱ्हाडी एकमेकांना विचारायचे, "हाऊ कोन शे?" मावशींचा चेहरा मात्र रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखा. एकदा मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला लाज नाही वाटत?" तर म्हणाल्या, "वाटायची. आता हात भरून येतो फक्त."

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मावशींनीच पोहे आणून डब्यात भरून ठेवले. आणि लग्नाच्या दिवशी पहाटे मावशी झोपेतच गेल्या.

लेक हळदीच्या अंगाने खाली धावली आणि म्हणाली, आज लग्न नाही. मुहूर्त गेला तर जाऊ दे. मला काही सुचेना. एकीकडे पाहुणे, एकीकडे ती माउली. काकांना मावशींना घेऊन ठाण्याला जायचं होतं, तिथे त्यांच्या समाजाची दफनभूमी. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आमची गल्ली एवढी अरुंद की एका वेळी एकच काय ते बाहेर पडेल. लेकीला कार्यालयात न्यायला आलेले बँडवाले वाद्यं खाली ठेवून उभे. आम्ही सगळे भिंतीला टेकलो, की आधी मावशी जाऊ देत.

काकांनी मावशींची खाट गिरणीच्या ओट्याशी थांबवली. "आधी नवरी," म्हणाले. "आमच्यात मयत बाजूला होतं. नवरीला रस्ता देतं."

"आमना हात चालत नही, काका," बँडमास्तर म्हणाला.

"चालव बाबा. आणि हळू नको वाजवू."

मला त्यांचा रागच आला. म्हटलं, हा कसला धर्म, रडूसुद्धा देत नाही. लेक खाटेकडे वळली तेव्हा त्यांनी तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला बँडकडे फिरवलं. "आज तुझं तोंड तिकडे." बँड वाजला. लेक रडत रडत चालू लागली. मी वळून बघितलं, तर काका खाटेवर हात ठेवून उभे होते. नाचले नाहीत.

महिनाभर त्यांनी शोक पाळला. तो संपल्यावर लेकीला माहेरी बोलावून घ्यायला सांगितलं, आणि ती आली त्या संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, मळीद्याचं ताट घेऊन जिना चढून आले. पोहे मावशींच्या डब्यातले. भिजवले मात्र यांनी, त्यामुळे गोळे झालेले, आणि खोबऱ्यात करवंटीचा चुरा.

"आज हिचा दिवस," म्हणाले. "त्या दिवशी राहून गेलं."

लेक उठून समोर उभी राहिली. काकांनी सवयीने ताट डाव्या बाजूला धरलं आणि तसेच थांबले. त्या बाजूला कुणी नव्हतं.

मी पुढे होऊन ताट धरलं आणि कडेला उभी राहिले. मग काका नाचले.