पोट, बूड, पाय

नाव: नेव्हिल आर्थर ट्रेगेन्झा. वय: एकाहत्तर वर्षे पूर्ण. राहणार: जेटी रोड, पोर्ट ट्रेलॉन, दक्षिण ऑस्ट्रेलिया. पूर्वीचा हुद्दा: मुख्य तपासनीस, वजनकाटा, बार्ली सायलो (धान्यकोठार). सध्याचा हुद्दा: सुरक्षा अधिकारी, पोर्ट ट्रेलॉन कयाक मासेमारी मंडळ (सदस्यसंख्या अकरा, मधली दोन वर्षे दहा). वजन: चौऱ्याण्णव किलो, ओल्या कपड्यांसह. ओळखीची खूण: डाव्या खुब्यात धातूचा सांधा. वाहन: पिवळी कयाक, लांबी साडेतीन मीटर. सदरहू इसम खोल पाण्यात पडल्यास त्याच होडीत परत चढू शकतो, असे मंडळाचे दप्तर प्रमाणित करते.

यातले शेवटचे वाक्य सोडून बाकी सगळे नेव्हिलने एका बैठकीत लिहून काढले. शेवटच्या वाक्याला जरा वेळ लागला.

चाळीस वर्षे बार्लीचे ट्रक तोलल्यामुळे नेव्हिलचा माणसांवर विश्वास नव्हता, काट्यावर होता. निवृत्तीनंतर तो कयाकमधून मासे धरू लागला आणि तिथेही त्याने काट्याचीच शिस्त बसवली. गळाची काठी होडीला दोरीने बांधलेली, वल्हे बांधलेले, पक्कड बांधलेली, आमिषाच्या शिंपल्यांचा डबा बांधलेला. चहाचा थर्माससुद्धा. "पाण्यात पडलेली वस्तू ही गेलेली वस्तू," असे तो नव्या सदस्यांना सांगे. नांगर टाकायचा तो नाकाकडून किंवा शेपटीकडून, कुशीतून कधीच नाही; नाहीतर लाटेने होडी आडवी घेतलीच समजा. कपडे हवेकडे बघून घालायचे नाहीत, पाण्याकडे बघून घालायचे. आणि पूर्वेकडून, म्हणजे आमच्या इथे जमिनीवरून, वारा सुटला की समुद्र इस्त्री केल्यासारखा सपाट दिसतो. नेमक्या त्याच समुद्राला भ्यायचे. तो गोडीगुलाबीने आत नेतो आणि परत येताना वल्ह्याला दाद देत नाही.

हे सगळे बरोबरच होते. नेव्हिलची अडचण अशी की त्याचे बहुतेक वेळा बरोबरच असे.

नियमावलीतला सातवा नियम त्याचा लाडका. बारा वर्षांपूर्वी एक पाहुणा माणूस खडकाच्या रांगेपलीकडे चार तास आपल्याच होडीला धरून तरंगत राहिलेला सापडला. लाइफ जॅकेट अंगात, रेडिओ चालू, होडी धडधाकट, डब्यात सात व्हायटिंग. ही आपल्या मुडदुशीची थोराड बहीण, तेव्हा माणूस गडबडून गेला तरी मासे धरण्यात कच्चा नव्हता. त्याच्याजवळ सगळे होते, फक्त वर चढता येत नव्हते. तो वाचला, आणि त्या आठवड्यात नेव्हिलने नियम लिहिला: प्रत्येक सदस्याने दर मार्चमध्ये, जेटीच्या टोकाशी, पाय टेकणार नाहीत इतक्या पाण्यात, आपली होडी आपण उलटवून, तीन मिनिटांत, कोणत्याही बाह्य साहाय्याविना परत चढून दाखवावे. प्रयत्न तीन. अपवाद नाही.

चढण्याची रीत तो स्वतः शिकवी. आधी होडी सुलटी करायची. मग तिच्या मध्यावर दोन्ही हात ठेवून पाय मागे तरंगू द्यायचे, बेडकासारखे झाडायचे, आणि स्वतःला वर ओढण्याऐवजी होडीच पोटाखाली ओढून घ्यायची. मग कूस पालटून बूड जागेवर, शेवटी पाय आत. "पोट, बूड, पाय!" अकरा प्रौढ माणसे किनाऱ्यावर उभी राहून एका सुरात हे म्हणत, तेव्हा कुत्री फिरवायला आलेले लोक पलीकडून जात.

विल्फ पेनहॉल या मंडळाचा अकरावा सदस्य. आयुष्यभर मेंढ्यांची लोकर कातरून त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. होडीच्या नाकावर त्याची पिपा बसे, तपकिरी, आखूड पायांची, छोटे नारिंगी लाइफ जॅकेट घातलेली. मंडळाच्या नोंदीत 'सहप्रवासी: एक (श्वान)'. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये विल्फ परीक्षेला आला तो पिपाशिवाय. ती आदल्या हिवाळ्यात म्हातारपणाने गेली होती. त्याच्याकडे एक लाल पट्टी मात्र होती, एका टोकाला पितळी आकडा, दुसऱ्या टोकाला फासा. आकडा त्याने होडीच्या पलीकडच्या कडीला अडकवला, पट्टी तळाखालून अलीकडे घेतली, पाण्यात लोंबणाऱ्या फाश्यात पाय घातला आणि जिना चढावा तसा एक्कावन्न सेकंदांत वर येऊन बसला.

"बाह्य साहाय्य," नेव्हिल म्हणाला.

"दोरी माझी. होडी माझी. पाय पण माझाच," विल्फ म्हणाला. "ह्यात बाहेरचं कोण आलं?"

"नियमात दोरीचा उल्लेख नाही."

"नियमात माझ्या खांद्याचा तरी आहे का?"

पट्टीशिवाय विल्फला चढता आले नाही. नेव्हिलने 'अनुत्तीर्ण' असे लिहिले, सही केली आणि दिलगिरी व्यक्त केली. क्रम हाच होता. विल्फने सदस्यत्व सोडले, होडी शेडमध्ये भिंतीला उभी करून ठेवली, आणि तेव्हापासून तो रोज जेटीच्या टोकाशी पालथ्या बादलीवर बसून माकूल धरू लागला. शेजारी दुसरी बादली, शाईने काळी झालेली. नेव्हिल खालून वल्हवत गेला की वरून आवाज येई, "सगळं बांधलंस ना रे? टोपी? कवळी?" नेव्हिल टोपी चाचपून बघे.

मग गेल्या जुलैत नेव्हिलचा खुबा बदलला.

डॉक्टरांनी समुद्राला हरकत घेतली नाही. घेतली ती मेर्लने, त्याच्या बायकोने. तिचे म्हणणे एका वाक्याचे होते. "बेव्हची सही आण, नाहीतर ती पिवळी वस्तू मी भाच्याला देऊन टाकते."

बेव्ह हाइन्रिक आमची परीक्षक. तीस वर्षे गावोगाव फिरणारी नर्स होती, त्यामुळे कण्हण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. सही मिळाली तर नेव्हिल मंडळाबरोबर समुद्रात. नाहीतर मेर्लबरोबर बागेत. बागेविषयी त्याला आकस नव्हता, पण तिथे भरती-ओहोटी नसते.

परीक्षेचा दिवस शनिवारचा. सकाळचा पूर्वेचा वारा पडत आलेला, पाणी हिरवे, तळाचे गवत स्पष्ट दिसत होते. बाकीचे आठ जण झटपट उलटले, झटपट चढले आणि थर्मास उघडून बसले. बेव्ह आपल्या कयाकमध्ये, गळ्यात शिट्टी आणि घड्याळ, मांडीवर निकाल लिहायची पाटी. वर जेटीवर विल्फ, नेहमीच्या बादलीवर.

नेव्हिल नियमाप्रमाणे पडला. होडी सुलटी केली, हात ठेवले, पाय झाडले आणि छातीपर्यंत वर आला. तिथेच अडकला. कारण लाइफ जॅकेटच्या पुढच्या खिशांत रेडिओ, सुरी, बॅटरी, आरसा, धुराची नळकांडी, पक्कड, मलमपट्टी, वाचायचा जादा चष्मा आणि ओट्सची वडी होती. एवढी सुरक्षितता पोटाखाली घेऊन होडीच्या काठावरून सरकणे कोणाच्याच बापाला जमले नसते.

"वेळ संपली," बेव्ह म्हणाली.

"नेव्ह," वरून आवाज आला, "दुकान टाकलंयस तर पाटी तरी लाव."

दुसऱ्या प्रयत्नाआधी नेव्हिलने एकेक वस्तू नाव घेऊन बेव्हच्या होडीत ठेवली. रेडिओ मात्र अंगावरच ठेवला, कारण चौथ्या नियमाप्रमाणे रेडिओ होडीवर नव्हे, माणसावर असतो. या वेळी पोट वर आले. आता कूस पालटायची, तर डावा पाय वळेना. नवा सांधा नेव्हिलसारखाच होता. त्याच्या नियमात नव्हते ते तो करत नसे. नेव्हिल क्षणभर होडीवर आडवा पडून राहिला आणि पलीकडच्या बाजूने सावकाश पाण्यात गेला.

"पोट झालं," विल्फने वरून जाहीर केले. "बूड शिल्लक."

थर्मासवाल्यांपैकी कोणी हसले नाही. त्यांना तिसरा प्रयत्न दिसत होता.

तिसऱ्या वेळी पाय झाडायलाच जोर उरला नव्हता. तो काठाला धरून तरंगत राहिला, बारा वर्षांपूर्वीच्या त्या पाहुण्यासारखा, डब्यातले सात व्हायटिंग वजा करून. तीन मिनिटे झाली. बेव्हने शिट्टी वाजवली नाही.

"ए नेव्हिल, माझं घड्याळ जरा अडकलं बघ. पुन्हा करू या का?"

"तुझं घड्याळ अडकलेलं नाही, बेव्ह. अनुत्तीर्ण लिही."

"मेर्लला काय सांगणारेस?"

"तू लिहिशील तेच."

बेव्हने लिहिले. ओल्या हाताने नेव्हिलने तिच्या पाटीवर सही केली. अक्षर नेहमीसारखेच सुबक आले. मग होडीच्या काठाला धरून त्याने जेटीवर मान वर केली.

"विल्फ," तो म्हणाला, "ती तुझी लाल पट्टी कुठंय?"

"बादलीत. का?"

"दे."

"बाह्य साहाय्य आहे म्हणे ती."

"परीक्षा संपली. आता मी नुसताच पाण्यात आहे."

विल्फने घाई केली नाही. आधी दोरा गुंडाळला, हात पुसले, माकुलाच्या बादलीवर झाकण ठेवले. मग जेटीच्या शिड्या उतरून, शेवटच्या पायरीवर घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहून त्याने पट्टी फेकली.

"आकडा पलीकडच्या कडीला. हां. आता खालून अलीकडे घे. तो पाय नको रे म्हाताऱ्या, चांगला पाय घाल! घातलास? आता ओढू नकोस. नुसता उभा राहा. पायऱ्या चढताना काय ओढतोस का कधी?"

नेव्हिल पाण्यात उभा राहिला. होडी थोडी कलली, सावरली. पोट काठावर आले, मग घाई न करता त्याने खुब्याला वेळ दिला, बूड जागेवर टेकले आणि मागून दोन्ही पाय आले, एक स्वतःचा आणि एक दवाखान्याचा.

"अठ्ठेचाळीस सेकंद," बेव्ह म्हणाली. घड्याळ लावायला तिला कोणी सांगितले नव्हते.

"माझी एक्कावन्न होती," विल्फ म्हणाला. "पण मला शिकवणारं कोणी नव्हतं."

नेव्हिलने पट्टी सोडवली, घडी केली आणि वल्हवत नेऊन त्याच्या हातात दिली. विल्फ परत वर गेला, कारण माकूल अजून लागत होते.

पुढच्या मंगळवारी फुटबॉलच्या मैदानामागच्या हॉलमध्ये बैठक झाली. नेव्हिलने टंकलिखित दोन पाने वाचून दाखवली. पहिल्या पानावर होडीला कायम जोडलेल्या पायरीची व्याख्या होती. दुसऱ्या पानावर शेवटून दुसरी ओळ अशी: 'सुरक्षा अधिकाऱ्याने दोन वर्षांपूर्वी दिलेला निकाल (पेनहॉल) चुकीचा होता व तो रद्द समजावा.' ही ओळ त्याने बाकीच्या ओळींच्याच आवाजात वाचली. विल्फ सदस्य नसल्यामुळे मागच्या खुर्चीवर बसून पेस्टी, म्हणजे मटण-सलगम भरलेली भाजकी करंजी, खात होता.

"विल्फ, तुला काही म्हणायचंय?" बेव्हने विचारले.

विल्फने तोंडातला घास संपवला. "सलगम कमी पडलंय."

दुरुस्ती नऊ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाली. नेव्हिल तटस्थ राहिला, कारण त्याचा स्वतःचा संबंध होता.

एप्रिलमध्ये दोघांची फेरपरीक्षा झाली. पट्टी एकच. आधी विल्फ चढला, मग पट्टी नेव्हिलकडे गेली. बेव्हने दोन सह्या केल्या. मेर्लने नेव्हिलचा कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि फ्रीजवर चुंबकाखाली लावला. भाच्याला स्वेटर मिळाला. त्यानंतरच्या शनिवारी पिवळी होडी आणि विल्फची खरचटलेली निळी होडी जोडीने खडकांच्या रांगेपर्यंत गेल्या. विल्फला नऊ व्हायटिंग मिळाले, नेव्हिलला चार. परतताना नेव्हिल म्हणाला की पट्टी परत करतो, स्वतःसाठी दुकानातून नवी मागवतो.

"राहू दे," विल्फ म्हणाला. "मी दुसरी केलीय. ही तुझ्या वजनाला सरावलीय."

नेव्हिलने त्याच संध्याकाळी मंडळाच्या साधन-नोंदवहीत नवे पान उघडले. साधन क्रमांक एक: स्वारोहण पट्टी. रंग: लाल. लांबी: अडीच मीटर. एका टोकाला पितळी आकडा, दुसऱ्या टोकाला फासा (उसवून रुंद केलेला). भारक्षमता: चौऱ्याण्णव किलो, प्रत्यक्ष तपासलेली. निर्माता: डब्ल्यू. पेनहॉल. दर्जा: मान्यताप्राप्त. पूर्वीचा वापर: या रकान्यात तो बराच वेळ पेन धरून बसला आणि रकाना कोरा सोडला. त्याने कोरा सोडलेला हा पहिलाच रकाना.

ती पिपाला फिरवायची दोरी होती.