टोपीत पाहून बोलणारे काका

अमेरिकेत शिकत असताना आमच्या युनिव्हर्सिटीचं गवत कापणाऱ्या त्या वयस्कर माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आम्ही मराठी पोरं आपसात त्यांना काका म्हणायचो. काहीही विचारलं, की ते डोक्यावरची युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमची टोपी काढत, आत डोकावून बघत आणि मगच उत्तर देत.

टीम शहरातल्या भाड्याच्या स्टेडियममध्ये खेळायची आणि नेमाने हरायची. मग टीमला स्वतःचं नवं स्टेडियम हवं, अशी टूम निघाली. जागा ठरली तीच, जिथे आम्ही रविवारी क्रिकेट खेळायचो. काका टीमचे कट्टर भक्त. युनिव्हर्सिटीने सगळ्यांचं मत घ्यायला बोलावलेल्या मीटिंगमध्ये ते बोलायला उठले, तेव्हा आपलं मैदान गेलंच, असं मी धरून चाललो.

त्यांनी टोपीत पाहिलं. म्हणाले, "तिकडे हरतो तसेच इथेही हरू. मग या पोरांनी खेळायचं कुठे?"

हशा पिकला. महिन्याभरात बेत बारगळला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या रविवारी गेलो, तर काकांनी आमच्यासाठी मुद्दाम गवत बारीक कापून पिच करून ठेवलेलं. फुटबॉलच्या मैदानाएवढं, चांगलं शंभर यार्ड लांब. आम्हाला बावीसच पुरतात, हे सांगायला शेवटपर्यंत कोणाचीच जीभ रेटली नाही.