कोरड्या पाटातलं पाणी

सत्तरच्या दशकात मी सांगलीला पाटबंधाऱ्यांच्या कचेरीत ज्युनियर इंजिनिअर होतो. कॉम्प्युटर पुण्यात असे. बीजगणितातली सूत्रं त्याला कळतील अशा भाषेत, फोरट्रानमध्ये, उतरवायची, प्रत्येक ओळीचं एक भोकांचं कार्ड करायचं आणि तो गठ्ठा मांडीवर घेऊन एस.टी.नं जायचं, हे माझं काम. शिक्षण म्हणाल तर पंधरा दिवसांचा कोर्स. ऐट मात्र अशी, की ते यंत्र जणू माझ्याच मांडीवर वाढलंय.

मी उतरवलेलं सूत्र पाटाच्या पाण्याचं होतं. पाणी किती खोल आहे ते सांगितलं की त्याचा वेग निघायचा, आणि वेगावरून ते कुठल्या गावाला किती वाजता पोचेल ते. त्यात खोलीच्या हिशेबाला ‘दोन छेद तीन’ असा घातांक होता. पुस्तकात होता तसाच मी तो कार्डावर घेतला. सूत्राला कुठं धक्का लावला नाही याचा केवढा अभिमान! यंत्राकडून छापून घेतल्या त्या फक्त पोचायच्या वेळा. वेग छापून कागद कशाला नासायचा, ही अक्कलही माझीच.

भरल्या पाटाला हा वेळांचा तक्ता तंतोतंत जुळला. साहेबांनी पाठ थोपटली. मग उन्हाळ्यात कमी पाण्याची पाळी सुटली. गेट सकाळी सहाला उघडलं. तक्त्याप्रमाणं तासगावकडच्या शेवटच्या गावाला पाणी दुपारी दोनला पोचायचं होतं.

दोनला मी तिथं पाटात उभा होतो. सोबत पाटकरी, पाणी वाटून देणारा, नोकरीची दोन वर्षं उरलेला माणूस. द्राक्षाचं पान हलत नव्हतं. पाट पांढराफटक, कोरडा.

“मामा, कागदाप्रमाणं आत्ता इथं घोट्याएवढं पाणी आहे.”

त्यानं वाकून तळाला हात लावला आणि तो तसाच थांबला. बांधावर झोपलेलं कुत्रं उठलं. वरच्या अंगानं खालच्या अंगाकडं हळूहळू मान वळवत गेलं, समोरून काहीतरी जात असावं तसं.

“गेलं, सायेब.”

“काय गेलं?”

“पाणी. हाताला लागलं न्हाई, पर गेलं.”

मी हसलो. हसता हसता पाटातून बाहेर मात्र आलो.

तक्त्यानुसार वरचं गेट वेळेवर बंद झालं. शेवटच्या गावाला थेंब पोचला नाही. चौकशी लागली. यंत्र चुकत नाही, म्हणजे पाणी चोरीला गेलं. पाटकऱ्याला विचारलं, तर तो सरळ म्हणाला, “दोनला गेलं. मी हुतो तितं.” पाणी आलं होतं म्हणजे ते यानंच कुणाला तरी वळवलं, असा अर्थ निघाला; आपल्याच तोंडानं अडकला. त्याच्या बडतर्फीचा हुकूम टाइपिस्टकडं गेला.

त्या दुपारी भरल्या पाटाचा तक्ता आणि कमी पाण्याचा तक्ता मी एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. आकड्यावर आकडा बसला. सगळे. काठोकाठ पाणी आणि घोट्याएवढं पाणी, दोन्ही एकाच घटकेला एकाच गावात.

पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की ते यंत्र अपूर्णांक टाकून देतं. दोनला तीननं भागून त्यानं शून्य धरलं होतं. आणि कशाचाही शून्यावा घात एक! खोली हिशेबातून नाहीशीच झाली होती. दोन आकड्यांपुढं दशांशाचं एकेक टिंब दिलं असतं तर भागलं असतं. भरल्या पाटाला उत्तर जुळलं, कारण तिथं खरा आकडाही एकाच्या आसपासच येत होता.

कागद घेऊन मी साहेबांपुढं उभा राहिलो.

“म्हणजे पाणी नेलं कुणी?”

“कुणीच नाही साहेब. ते वाटेत असतानाच आपण गेट बंद केलं. माझ्यामुळं.”

“आणि म्हाताऱ्यानं पाहिलं ते काय?”

“ते मला फोरट्रानमध्ये सांगता येणार नाही.”

साहेब हसले नाहीत. हुकूम त्यांनी माझ्याच हातानं फाडायला लावला आणि माझ्या सर्व्हिस बुकात लाल शाईच्या दोन ओळी लिहिल्या.

पुढच्या पाळीला मी सुधारलेला तक्ता घेऊन गेलो. पाटकऱ्यानं तो हातात घेतला नाही. “कागद ऱ्हाऊ द्या. चला माज्यासंगं.”

शेवटचे तीन मैल आम्ही पाण्याच्या तोंडाबरोबर चाललो. पुढं वाळक्या पानांचा फेस, त्यावर जीव घेऊन चढलेल्या मुंग्या. भेग आली की पाणी थांबायचं, आत उतरायचं, मग पुन्हा निघायचं. तेव्हा आम्हीही थांबायचो. पाटाच्या शेवटच्या दारात पाणी शिरलं, तेव्हा पाटकऱ्यानं हात ओला करून मला दाखवला आणि वही काढली.

“येळ मी लिवतो. सही तुमी करा.”

मी केली.