सहा मुलींसाठी जागा शोधणारे अरविंदराव

अरविंदरावांची आणि माझी पहिली भेट एका तक्रारीमुळे झाली, आणि ती त्यांनी स्वतःविरुद्धच आणली होती. न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या कॉलेजात ते मुलींच्या लांब पल्ल्याच्या धावण्याच्या संघाचे प्रशिक्षक. खेळाडूंच्या शिष्यवृत्तीचे नियम पाळले जातात की नाही, हे पाहणं माझं काम. प्रवेशाआधी कॉलेज पाहायला आलेल्या एका मुलीला त्यांनी घरी जेवायला नेलं. निघताना त्यांच्या पत्नीने, मालतीताईंनी, आपल्या रीतीप्रमाणे तिच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवला. अशा मुलीला भेट देणं नियमात बसत नाही.

"डबा परत मागवा," मी म्हटलं.

"डबा येईल हो, सुलभाताई. लाडवांची खात्री देत नाही."

मी हसले नाही. लेखी अहवाल मागितला. त्यांनी तो दोन पानं भरून दिला. त्यात मालतीताईंचं नाव नव्हतं. दोष कुणाचा, यावर 'चूक माझी' एवढंच होतं.

एका वर्षी त्यांच्या वाट्याला एकच पूर्ण शिष्यवृत्ती आली. नियमाने ती विभागता येत असे. ती सर्वांत वेगवान मुलीला द्या, असा माझा सल्ला होता. ते म्हणाले, "संघाचे गुण पाच जणींचे धरतात. पाचवी पोचलीच नाही, तर पहिलीचं काय करू?" त्यांनी ती तिघींत वाटली. त्यांतली एक आज शाळेत गणित शिकवते.

मग नियम बदलले. मोठ्या कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. नियमांच्या ज्या पुस्तकावर बोट ठेवून मी लाडवांचा अहवाल मागितला, त्याच पुस्तकात हे छापून आलं. आमच्या चांगल्या धावपटू तिकडे गेल्या. उरलेला निधी आमच्या कॉलेजाने बास्केटबॉलकडे वळवला आणि या वसंतात धावण्याचा संघ बंद केला. संघ बंद केल्याच्या पत्राखाली सही माझी आहे.

संघात सहा मुली उरल्या होत्या. मोठ्या कॉलेजांत आता संघात किती खेळाडू घ्यायचे हे ठरवून दिलेलं असल्याने मध्यम वेगाच्या मुलींना तिथे जागा नाही. लहान कॉलेजांत संघच बंद होत आहेत. या मुलींना कुठे घेतील का, हे विचारायला अरविंदराव रोज सकाळी इतर कॉलेजांतल्या एकेका प्रशिक्षकाला फोन करतात. त्यांची स्वतःची नोकरीही याच पत्राने गेली, याचा उल्लेखही करत नाहीत.

गेल्या आठवड्यात मी विचारलं, "कुणी हो म्हणालं?"

"अजून नाही. तुम्ही मात्र मुलींच्या बदलीचे कागद तयार ठेवा. ऐन वेळी नियम काढून बसाल."

कागद तयार आहेत. ते लागतील असं मला वाटत नाही. अरविंदरावांच्या या गौरवग्रंथात असं लिहू नये, हे कळतं. पण एकसष्टीच्या निमित्ताने त्यांच्याविषयी खोटं लिहिणं मला जमणार नाही.

अरविंदरावांची प्रकृती उत्तम राहो, त्यांना उदंड आयुष्य लाभो. ही माझी केवळ शुभेच्छा नाही. त्या सहा जणींसाठी फोन करणारं दुसरं कुणी नाही.