कुणाचीही किल्ली चालणारं दार

सोक मिरानला कुणी विचारलं, तू काय करतेस, की ती म्हणायची, "दारं बसवते." नातेवाइकांना वाटायचं, पोरगी सुतारकामाला लागली. खरं तर ती कोरियातल्या आन्यांग शहरातल्या एका छोट्या कंपनीत मोबाईल ॲपचं लॉगिन सांभाळायची. हे काम असं की नीट चाललं तर कुणाच्या लक्षातही येत नाही आणि बिघडलं की सगळं गाव नावं ठेवतं. पण दारं बसवण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही, असं तिला मनातून वाटायचं.

नवं ॲप म्हाताऱ्या माणसांसाठी होतं. त्यांनी रक्तदाब, साखर, गोळ्या टिपायच्या आणि लांब राहणाऱ्या मुलांनी त्या बघायच्या. म्हाताऱ्यांच्या डोक्यात पासवर्ड राहत नाहीत, म्हणून गप्पांच्या ॲपच्या खात्यानेच आत शिरायची सोय मिरानने केली होती. गप्पांवाले फोनला एक टोकन, म्हणजे ओळख पटवणारी डिजिटल चिठ्ठी, देत, फोन ते मिरानच्या सर्व्हरला दाखवी, आणि सर्व्हर त्याच्या बदल्यात आपलं टोकन देई. मग दार उघडे.

ॲप सोमवारी सुरू व्हायचं होतं. गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात एकमेकींच्या पाठी घासणाऱ्या बायकांना आईने आधीच बजावून ठेवलं होतं, "जी माझ्या मिरानचं ॲप घेणार नाही, तिची पाठ मी घासणार नाही."

आदल्या दिवशी रविवार. मायलेकी नेहमीप्रमाणे न्हाणीघरात गेल्या. दाराशी चपला कपाटात ठेवायच्या, त्या कपाटाची किल्ली गल्ल्यावरच्या मावशीला द्यायची, ती बदल्यात कपड्यांच्या कपाटाची किल्ली देते. हौदात डुंबून झालं, भाजलेली अंडी खाऊन झाली. निघताना मावशीने चपलांची किल्ली परत दिली, पण मिरानचं चपलांचं कपाट काही उघडेना. तिने किल्ली फिरवून पाहिली, कुलपाला दोन धपाटे घातले.

आईने किल्ली हातात घेतली. "अगं, ही तर स्टेशनजवळच्या न्हाणीघराची. मागे माझ्या पिशवीत राहून गेली होती, आज येताना चुकून तीच मावशीला दिली मी." खरी किल्ली पिशवीच्या तळाशी निवांत पडलेली होती.

"मावशी, तुम्ही दुसऱ्याच न्हाणीघराची किल्ली घेतलीत की!"

मावशीने टीव्हीवरच्या मालिकेतून मान वळवली नाही. "किल्ली खरी होती ना? नंबर होता, पितळ होतं. मग दिली तुला आतली."

आई खो खो हसली. मिरानही हसली, आणि मग तिचं हसू मधेच आटलं. तिचा सर्व्हर नेमकं हेच करत होता. टोकन खरं आहे का, एवढंच तो गप्पांवाल्यांना विचारायचा. ते कुठल्या ॲपसाठी दिलंय, हे विचारायचं मिरानने त्याला शिकवलंच नव्हतं.

"आई, तुझ्या फोनवरच्या पत्त्यांच्या खेळातही तू गप्पांच्या खात्यानेच शिरतेस ना?"

"मग? सगळीकडे तेच. तूच शिकवलंस."

म्हणजे पत्त्यांवाल्यांच्या मनात आलं तर ते आईचं टोकन घेऊन खुशाल मिरानच्या दाराशी येऊ शकत होते. घरी येताच तिने एक खोटं ॲप उभं केलं, त्यात आईला लॉगिन करायला लावलं आणि ते टोकन आपल्या सर्व्हरपुढे धरलं. चाचणीसाठी आईने नव्या ॲपमध्ये टिपलेला सकाळचा रक्तदाब समोर हजर. मिरानला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने टीमच्या साहेबांना फोन लावला. "प्योसाहेब, उद्याचं थांबवा."

"जाहिराती गेल्यात, मिरान. दार पक्कं आहे असं तूच म्हणालीस ना?"

"दार पक्कं आहे, पण कुणाचीही किल्ली चालतेय. मला तपासायला आठवडा द्या."

"वर कोण सांगणार?"

"मी सांगते. चूक माझी आहे."

साहेबांची बोलणी तिने गिळली असती, पण आईला सांगायचं जिवावर आलं.

"मग मी त्या बायकांना तोंड कसं दाखवू?" आई म्हणाली. जरा वेळाने हळूच तिने विचारलं, "माझ्या पत्त्यांमुळे झालं का गं? काढून टाकते हवं तर."

"नको. तू खेळ, आई. तुझं काही चुकलं नाही. दार माझं होतं."

पुढच्या रविवारी गल्ल्यावर रांग थेट रस्त्यापर्यंत. मावशी चष्मा लावून प्रत्येक किल्लीवरचं नाव मोठ्याने वाचत होती आणि मागून तिचा उद्धार चालला होता. हौदात आईच्या पाठ-घासणीतल्या जुन्या सोबतीण मालसुक काकू वाटच बघत बसल्या होत्या.

"काय गं, कुठाय ते ॲप? एवढी शिकली तुझी लेक, आणि दार लावायला विसरली?"

मिरान हनुवटीपर्यंत पाण्यात गेली. आईने शांतपणे घासणी पिळली.

"विसरली खरी. पण चोर यायच्या आत स्वतःच परत जाऊन लावलं तिने, आणि आपली चूक चारचौघांत सांगितली. तुझा मुलगा गॅस बंद करायला तरी परत येतो का?"

हौदभर हशा पिकला. "पाठ कर इकडे," आई मिरानला म्हणाली, आणि असं खसाखसा घासलं की मिरानच्या डोळ्यांत पाणी आलं. साबण गेला, असं तिने सांगितलं. मालसुक काकूंची पाठ मात्र त्या रविवारी तशीच राहिली.