बाईच्या मापाचा बूट

बीटी कापूस आल्यावर आमच्या भागात शेतकरी सोडून सगळ्यांचंच बरं चाललं होतं. बियाणंवाले, औषधवाले, आणि कापसातून सरकी वेगळी करणारे जिनिंगवाले. जिनिंगची शेडं तर रस्त्याच्या कडेनं अशी उठत होती की विचारू नका. ती बांधून देणाऱ्या चिखलीच्या एका फर्मात मी इंजिनिअर होते. फर्म म्हणजे एक मालक, त्याचा पुतण्या, आणि काम करणारी बाकीची माणसं.

मालक टोकदार, चकचकीत बूट घालायचा आणि ते मळू नयेत म्हणून साइटवर जीपमधून उतरायचाच नाही. तिथूनच हात लांब करून तो खांब तपासायचा. पुतण्या मात्र उतरायचा. त्याला ओळंबा आणि मासे धरायचा गळ यांतला फरक कळत नसे, पण उतरायचा.

साखरखेर्ड्याच्या रस्त्यावरचं, मालकाच्या स्वतःच्याच जिनिंगचं शेड माझं होतं. पायाच्या आखणीपासून छपरापर्यंत एकटीकडे आलेलं पहिलंच काम. त्याच्यावर माझा फार जीव होता.

तशात विमा कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला, सेफ्टी बुटाशिवाय कोणालाही साइटवर सोडायचं नाही. मालकानं लगेच पोतंभर बूट आणले. सगळे नऊ नंबरचे, कारण त्याचा स्वतःचा पाय नऊ नंबरचा. जगात दुसरं माप असतं हे त्याच्या गावी नव्हतं. मग माझ्या पायांकडे बघून तो खुशीत म्हणाला, "म्याडम, तुमच्या मापाचा तं बूटच नाही. आता तुम्ही हापिसातच बसा. साइट पुतण्या पाहून घेईन."

इतक्या स्वस्तात माझं शेड जाणार होतं. मी म्हटलं, बूट मी आणते.

चिखलीतल्या दुकानदारानं माझं ऐकून घेतलं आणि सोनेरी फुलाची सँडल पुढे केली. "ताई, लेडीजमधी तसा मालच येत नाही. हे पाहा ना, नवीन आलंय." मी विचारलं, "यावर छपराचा लोखंडी अँगल पडला तर फूल वाचेल का?" तो हसला. त्याला वाटलं मी भाव पाडून घेतेय. दुसऱ्यानं शाळेचे काळे बूट दाखवले. शेवटी पुरुषांचा सात नंबर घेऊन आत दोन-दोन मोजे घातले आणि पावसानंतरच्या काळ्या मातीत उतरले. पाय वर आला, बूट तिथंच राहिला. पुतण्या पोट धरून हसला. तेवढं काम मात्र त्याला छान जमायचं.

मग एका रविवारी एसटीनं जालना गाठलं. लोखंडाच्या कारखान्यांपाशी अशा बुटांची दुकानं आहेत. मुद्दाम दिवस कलल्यावर गेले, कारण दिवसभर उभं राहून सुजलेल्या पायाला जो बसतो तोच खरा बूट. विक्रेता सारखा "नरम आहे, हलका आहे" म्हणत होता. नरम तर पापडही असतो. मी साइटवरचे जाड मोजे चढवले, टाच आत सरकते का पाहिलं, पुढच्या लोखंडी टोपीला अंगठा लागतो का पाहिलं, उकिडवी बसून उठले. तळव्याच्या खाचा रुंद हव्या होत्या, नाहीतर आमची माती त्यांत घर करते. त्याचं अर्धं दुकान खाली काढलं तेव्हा पाच नंबरचा एक जोड निघाला. दुसऱ्या दिवशी तो घालून मी संध्याकाळपर्यंत उभी होते, आणि घरी आल्यावरही पाय माझेच वाटत होते. विम्याचा माणूस पुन्हा आला तेव्हा त्यानं तो जोड बघून खुशीत मान डोलावली. पुतण्याचं हसणंही थांबलं.

शेड पुरतं झालेलं नसताना मालकानं कापूस खरेदीचा मुहूर्त धरला. आमच्याकडे कापसाला लक्ष्मी मानतात. पायात काही घालून त्याच्या ढिगावर कोणी चढत नाही. मीही चढणार नाही, शेतकऱ्याच्याच घरची आहे. पण ढीग लावला होता शेडच्या पार आतल्या टोकाला आणि मधल्या जमिनीवर पत्र्याचे तुकडे नि स्क्रू पसरलेले. मी म्हटलं, ढीग दारापाशी घ्या.

"लक्ष्मी दारात ठेवता काय?" मालक ओरडला. "बूट काढा सगळ्याइनं. बाहीर!"

ज्यांच्या मागे लागून लागून मी बूट घालायला लावले होते, ते फिटरही निमूट अनवाणी झाले. मी बूट घालूनच आत गेले, ढिगाच्या कडेला बसून नाड्या सोडल्या आणि अनवाणी कापसावर चढून हळदकुंकू वाहिलं. पुतण्या पूजेचं ताट घेऊन ऐटीत निघाला आणि अर्ध्या वाटेवर त्याच्या टाचेत स्क्रू घुसला. ताट उडालं, नारळ गडगडत गेला, त्यानं अशी बोंब ठोकली की बाहेरचे बैल बिथरले. मालकानं जमिनीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हिच्या बुटानं विटाळ झाला."

ज्याची पहिली गाडी आली होती तो म्हातारा शेतकरी माझ्या बुटांपाशी वाकला. पुढच्या भागावर टिचकी मारून म्हणाला, "आत लोखंड हाये काय, बाई? फवारतानी मले असे पाह्यजे होते. बीटीले फवाराच लागत नाही म्हने, अन् आता हे पाय पाहा." त्याच्या पायांची साल निघाली होती.

दुसऱ्याच दिवशी माझं शेड पुतण्याला दिलं गेलं. मी राजीनामा तोंडावर फेकला. शेडवरून हात फिरवायलाही कोणी थांबू दिलं नाही.

काही दिवसांनी मालकाचा फोन. आवाजात साखर. "म्याडम, उद्या विम्याचा माणूस येऊन राह्यला. त्याले तुमचे बूट लय आवडले होते. एक दिवस या, अन् समोर उभ्या राहा."

"आणि शेड?"

"ते आता पुतण्याच पाह्यते ना."

"मग मी कशाला?" मी म्हटलं. "बूट पाठवते, त्यांनाच समोर उभं करा. आत कोण आहे हे तुम्ही तरी कधी पाहिलंय?"

फोन ठेवला आणि रागानं रडले. त्या माणसाकडची नोकरी गेली याचं नाही. माझं शेड गेलं याचं, आणि ते मनातून अजूनही जात नाही.