आबांची वीत आणि शाळेची तिफण

वाळलेल्या बाभळीवर रंधा फिरू लागला की एक तुरट, किंचित गोडसर वास सुटतो, आणि लाकूड गुळगुळीत होत चालल्याची बारीक शिरशिरी तळहातातून थेट खांद्यापर्यंत चढते. तुम्ही कधी अनुभवली आहे ती? नसेल, तर तुमचं शिक्षण माझ्या मते थोडं अपुरंच राहिलं! मी राजांच्या वंशावळी विसरलो, फारसीचे धडे विसरलो. पण सुतारकामाच्या तासाची नुसती आठवण झाली तरी आजही माझे हात अधीर होतात. घरातल्या खुर्चीचा पाय डुगडुगू लागला की मी कोणाला निरोप धाडत नाही. बायको म्हणते, खुर्ची मोडल्याचा आनंद होणारा गृहस्थ तिनं दुसरा पाहिला नाही.

निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. मी आमच्या खेड्यातून रोज चालत कळमनुरीला शिकायला जात होतो आणि शाळेत सगळं उर्दूतून चाले. उर्दू माझ्या जिभेला जड जाई. पण करीम उस्तादांच्या सुतारकामाच्या पत्र्याच्या पडवीत भाषेचं ओझं उतरत असे. करवत कुठल्या भाषेत चालते? गुण्या लावला की काटकोन हा काटकोनच! उस्ताद आमची कामं डोळ्यांनी पाहण्याआधी बोटांनी चाचपत आणि म्हणत, "मियाँ, लकडी झूट नहीं बोलती. नाप बराबर, तो सब बराबर." मला आकड्यांचं वेड होतंच. लाकडावर आखलेली रेघ आणि वहीतला आकडा एकच ठरले की मला असा काही हर्ष होई, की तो वर्गात दाखवण्याचीही लाज वाटे.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या तिफणीचं खोड वाळवीनं खाल्लं. एका वेळी तीन ओळी पेरणारी ती तीन फणांची तिफण. तिच्याशिवाय पेरणी कशी होणार? मी माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, म्हणालो, "आमी करतो शाळेत."

गावची अवजारं करण्याचा मान किसनमामांचा, आमच्या सुतारांचा. त्यासाठी दर सुगीला त्यांना खळ्यावर धान्य मिळे. ते तेव्हा ओट्यावरच बसले होते. "काहून रे लेकरा, मला उर्दू येत न्हाई म्हनून काय?" ते म्हणाले. आबा हसले. "तुमचं बलुतं कुठं जात न्हाई, किसनराव. पोरगं काय शिकून राहिलं, ते तर बगू."

दोन फणांत अंतर किती ठेवायचं, एवढंच मी विचारलं. "दीड वीत," आबा म्हणाले. एक वीत म्हणजे नऊ इंच, हे कोष्टक मला तोंडपाठ होतं. दीड वीत म्हणजे साडेतेरा इंच. याहून सोपा हिशेब तो कोणता? आम्ही पोरांनी ती तिफण घडवली तेव्हाचा उत्साह काय वर्णावा! सुटीच्या घंटेला कोणी हलत नसे. भोकं पाडताना, फण ठोकताना, बी सोडायचे बांबूचे नळे बसवताना आम्ही एकमेकांना ढकलून पुढं होत होतो. उस्तादांनी पट्टी लावून पाहिली. केसाचा फरक नव्हता. पेरणी झाली, ज्वारी वर आली आणि काळ्या रानावर ओढलेल्या त्या हिरव्या समांतर ओळी पाहून मला वाटलं, भूमितीचं पुस्तक माझ्यासाठी कोणीतरी शेतात उघडून ठेवलं आहे.

मग उघडीप पडली आणि आबांनी कोळपं जुंपलं. दोन ओळींच्या मधून बैलांनी ओढत न्यायचं ते अवजार. त्याची लोखंडी पास मातीखालून सरकते आणि गवत मुळासकट कापते. चार पावलं गेली नाहीत तोच आबा थांबले. मागं गवताबरोबर ज्वारीची रोपंही आडवी पडली होती. बांधावरून किसनमामा ओरडले, "शाळेची तिफन हाय ही! पिकाला बी सुट्टी देऊन टाकली!"

आबा खाली बसले. त्यांनी दोन ओळींमध्ये आपला पंजा पसरला आणि म्हणाले, "ही दीड वीत न्हाई."

"आबा, हाय. बराबर साडेतेरा इंच हाय," मी पट्टी काढून दाखवली.

"व्हय, पन कुनाच्या वितीनं?"

मी पट्टी त्यांच्या पंजाला लावली. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत दहा इंच! त्यांची दीड वीत पंधरा इंचांची होती. गावातली सगळी तिफणी-कोळपी किसनमामांच्या हातची, एकमेकांशी जुळणारी. आमच्या ओळी तेवढ्या त्यांच्याहून अरुंद. म्हणजे उसनं कोळपंही चालणार नव्हतं. सगळं रान खुरपायला बाया कुठून आणायच्या? आणि उघडीप सरून झड लागली तर गवत ज्वारीला गिळणार, हे सांगायला कोणी नको होतं. आबा रागावले नाहीत. ते नुसते आभाळाकडं पाहत राहिले, आणि त्यानं मला अधिक धाक वाटला.

मी कळमनुरीला धावत गेलो. सगळं ऐकून उस्तादांनी कपाळावर हात मारला आणि मग असे हसले की पडवी दणाणली. त्यांनी साऱ्या वर्गाला फळीवर पंजे ठेवायला लावले. काय मजा ती! तांड्यावरचा रूपला सगळ्यांत उंच, पण त्याची वीत माझ्याहून लहान. उस्तादांची आणखी वेगळी. "ओळी तर आता हलणार नाहीत," ते त्यांच्या भाषेत म्हणाले, "मग कोळपं हलवा." खरंच की! जुनी पास बारा इंचांची. दीड इंच कापली तर दोन्ही अंगांना तेवढीच मोकळी जागा मिळते, जेवढी पंधरा इंचांच्या ओळीत मिळत होती. हा हिशेब फळ्यावर जुळला तेव्हा वर्गानं आरोळी ठोकली!

लोहारानं पास कापली. पास आखूड झाली, तेव्हा तिला धरणाऱ्या दांड्यांची भोकंही जवळ यायला हवी होती, म्हणून लाकडाचं नवं खोड आम्ही तासायला घेतलं आणि संध्याकाळी किसनमामा स्वतः पडवीच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता टोमणा येणार. त्यांनी खोड उचललं, डोळ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "बरं हाय. भोकं जरा तिरपी घ्या, नाहीतर पास वरच तरंगती." मग उस्तादांनी त्यांना बसायला पाट दिला, आणि मराठी नि दखनी एकमेकींत मिसळत दोघं बाभळीच्या गुणांवर असे बोलू लागले, जणू बाभूळ त्यांच्या नात्यातली होती.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून येत होतं. आबांनी बैलांच्या तोंडाला मुसकी बांधली आणि नवं कोळपं रानात घातलं. मी मागोमाग चालत होतो. गवत उलटं पडत होतं. माती भुसभुशीत होऊन मोकळी होत होती. आणि दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, हलत होती, पण उभी होती! ओळीच्या टोकाला आबांनी वळून पाहिलं. "एक बी रोप न्हाई कापलं," ते हळूच म्हणाले.

"आता गावात दोन मापं झाली," किसनमामा बांधावरून म्हणाले. "कुनी कोळपं मागाया आलं तर आधी त्याचा पंजा बगा!"

पुस्तकातली नऊ इंचांची वीत खोटी नव्हती आणि आबांची दहा इंचांचीही नव्हती. चूक एवढीच की मी हात पाहिल्याशिवाय आकडा घेतला. पण ती उमजली त्या वेळी मला शरमेपेक्षा आनंदच अधिक झाला, हे कसं सांगू? लाकूड, लोखंड, माती आणि माणसाचा पंजा, सगळी एका हिशेबात बसतात, हे मी त्या दिवशी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं!

झड लागायच्या आत सगळं रान कोळपून झालं. पुढच्या पेरणीच्या वेळी किसनमामांनी विचारलं, तिफणीचे फण सरकवून जुन्या मापावर आणून देऊ का? आबांनी नकारार्थी मान हलवली.

"राहू द्या," ते म्हणाले. "आमच्या रानात आता पोराचं माप चालतंय."